फाळणीची आठवण आणि तिच्यातून वगळलेली माणसे

दरवर्षी १४ ऑगस्टला देशभर ‘विभाजन विभीषिका स्मृती दिवस’ पाळला जातो. महाविद्यालयांत, रेल्वे स्थानकांवर, बँकांच्या शाखांत माहितीचे फलक लागतात. बैलगाड्यांचे लांबच लांब तांडे, टपापर्यंत माणसांनी भरलेल्या रेल्वेगाड्या, छावण्यांतले तंबू. त्याच दोन-तीन दिवसांत आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर बाबासाहेबांच्या नावाची ठरावीक चार-पाच वाक्येही फिरू लागतात. बाबासाहेब पाकिस्तानबद्दल काय म्हणाले, मुसलमानांबद्दल काय म्हणाले, जोगेंद्रनाथ मंडलांचे शेवटी काय झाले, वगैरे. वाचणारा तरुण गोंधळतो. काही जण ती वाक्ये खोटी म्हणून उडवून लावतात आणि काही जण तेवढ्यावरच मत बनवतात. दोन्ही प्रकारांत मूळ कागद वाचायचा राहून जातो.

फाळणी ही या देशातली फार मोठी शोकांतिका होती, तिचे स्मरण झालेच पाहिजे, याबद्दल वाद असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या स्मरणात कोण आहे आणि कोण नाही, हा. अस्पृश्य, नमशूद्र आणि चितगाव डोंगराळ प्रदेशातले बौद्ध हे तिन्ही समाज फाळणीत भरडले गेले. तिघांचेही नाव गरज पडेल तेव्हा भाषणात येते, पण फलकावर येत नाही. म्हणून या तिघांची हकीकत इथे एकत्र मांडली आहे.

दिवस कधी ठरला

हा दिवस जुना नाही. १४ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तो जाहीर केला आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने राजपत्रात अधिसूचना काढली. १४ ऑगस्ट हा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन. आपल्या दुःखाचा दिवस शेजाऱ्याच्या उत्सवाच्या तारखेवर ठेवला की त्या दुःखाचे बोट कोणाकडे दाखवायचे हे आपोआप ठरते. खरे तर सीमारेषा लोकांना कळली ती १७ ऑगस्ट १९४७ रोजी. सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले आणि पाच-सहा आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल कापले. स्वातंत्र्याचे झेंडे फडकले तेव्हा लाहोर, गुरदासपूर, खुलना, मुर्शिदाबाद इथल्या लोकांना आपण कोणत्या देशात आहोत हे अधिकृतपणे ठाऊकच नव्हते. ही तारीख पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये एनसीईआरटीने शाळांसाठी फाळणीवर खास पूरक पाठ काढला. त्यात फाळणीचे तीन दोषी सांगितले आहेत : मागणी करणारे जिना, मान्य करणारी काँग्रेस आणि अंमल करणारे माउंटबॅटन. तिघांची जबाबदारी कोणी नाकारणार नाही. पण धर्माच्या पायावर दोन राष्ट्रे असल्याचे केवळ मुस्लिम लीगच बोलत नव्हती. हिंदू महासभेच्या व्यासपीठावरून सावरकरही हिंदू आणि मुसलमान ही दोन राष्ट्रे असल्याचे सांगत होते. या मुद्द्यावर जिना आणि सावरकर यांचे एकमत आहे, हे बाबासाहेबांनी आपल्या पाकिस्तानवरील ग्रंथात स्पष्ट नोंदवले आहे. दोषींच्या यादीत ही नोंद मात्र दिसत नाही.

किती माणसे

विस्थापितांचा आकडा साधारण सव्वा ते दीड कोटी धरला जातो. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत आहेत आणि बहुतेक अभ्यासक दहा लाखांच्या आसपास थांबतात. पळवून नेलेल्या स्त्रियांची संख्या पाऊण लाखाच्या घरात सांगितली जाते. सरकारी अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे ५० हजार मुस्लिम स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३ हजार हिंदू व शीख स्त्रिया होत्या. १९४९ साली त्यांना परत मिळवण्यासाठी कायदा झाला. त्या कायद्याने स्त्रीची स्वतःची इच्छा काय, हे विचारण्याची तरतूद ठेवली नव्हती. तिथे संसार उभा केलेल्या, मुले झालेल्या बायकांनाही उचलून आणले गेले.

या सगळ्या मोजदादीत हिंदू, मुसलमान आणि शीख असे तीनच रकाने होते. अस्पृश्यांना सरसकट हिंदूंच्या रकान्यात टाकले गेले, आणि तिथेच ते दिसेनासे झाले. उर्वशी बुटालिया यांनी १९९८ साली ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. फाळणीच्या साक्षी गोळा करताना दलितांच्या कहाण्या कोणी विचारल्याच नाहीत, ही गोष्ट त्यांनी ठळकपणे पुढे आणली. त्यात पंजाबातल्या एका दलित स्त्रीची आठवण आहे. दंगलीच्या दिवसांत तिच्या बरोबरीची मुले ओस पडलेल्या घरांतून भांडीकुंडी उचलून आणत होती. त्यांना भीती वाटत नव्हती, कारण दोन्ही बाजूंच्या लेखी ती शत्रू म्हणावीत इतकीही महत्त्वाची नव्हती. फाळणीच्या कोणत्याही सिनेमात हा प्रसंग तुम्हाला सापडणार नाही. तो कोणाच्याच सोयीचा नाही.

‘अत्यावश्यक’ माणसे

सिंधमधून, विशेषतः कराचीतून सवर्ण हिंदू व्यापारी, वकील, डॉक्टर, शिक्षक बाहेर पडू लागले. सफाई कामगारही निघाले, तेव्हा त्यांना अडवण्यात आले. त्यांचे काम अत्यावश्यक सेवेत मोडते, म्हणून त्यांना जाता येणार नाही, असे सांगण्यात आले. पाकिस्तानातील भारताचे पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आपल्या आठवणींत हे सविस्तर लिहिले आहे. त्यांनी पंतप्रधान लियाकत अली खान यांच्याकडे विषय काढला, तेव्हा ही माणसे गेली तर कराचीचे रस्ते आणि संडास कोण साफ करणार, असे उत्तर मिळाले.

म्हणजे धर्मावर उभ्या राहिलेल्या देशाला अन्य धर्माची सगळी माणसे नकोशी होती, पण भंगी हवा होता. हे एकट्या पाकिस्तानचे वैशिष्ट्य समजून समाधान मानू नये. जात सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखीच चालत होती, हे पुढच्या भागात दिसेलच.

याच काळात पाकिस्तानातील आणि निजामाच्या हैदराबादेतील अस्पृश्यांकडून बाबासाहेबांकडे तक्रारी येत होत्या. सक्तीचे धर्मांतर, मारहाण, बाहेर पडण्यास बंदी. २७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी एक निवेदन काढले. पाकिस्तानातील अस्पृश्यांनी मिळेल त्या मार्गाने भारतात यावे, जीव वाचवण्याचा सोपा उपाय म्हणून इस्लाम स्वीकारू नये, सवर्ण हिंदूंवर राग आहे एवढ्याच कारणाने मुस्लिम लीगवर विश्वास टाकू नये, असे त्यात होते. ज्यांचे सक्तीने धर्मांतर झाले त्यांना परत सामावून घेतले जाईल, असे आश्वासन होते. हैदराबादच्या अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊन समाजाला कमीपणा आणू नये, असा इशाराही होता.

हे निवेदन खरे आहे. आजकाल फिरणारी बरीच वाक्ये यातलीच आहेत, आणि ती नाकारण्याचे आपल्याला काही कारण नाही. ज्यांचे जीव धोक्यात होते त्यांना एक नेता स्पष्ट शब्दांत बाहेर पडा म्हणून सांगत होता.

फिरवणारे एक कागद पुढे करतात आणि दुसरा दडवतात, ही खरी अडचण आहे. या निवेदनानंतर तीनच आठवड्यांनी, १८ डिसेंबर १९४७ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तान अस्पृश्यांना अडवून ठेवत आहे, ही त्यातली पहिली तक्रार. दुसरी तक्रार भारतातल्या वागणुकीची होती. पूर्व पंजाबात पोहोचलेल्या अस्पृश्य निर्वासितांना मदत मिळत नव्हती. छावणीत राहील त्यालाच शिधा आणि कपडे, असा नियम होता. अस्पृश्य मात्र छावणीच्या बाहेर होते, म्हणून नियमावर बोट ठेवून त्यांना हात हलवत परत पाठवले जात होते. पाकिस्तानातून जीव वाचवून आलेला माणूस इकडच्या रेशनच्या रांगेत पुन्हा अस्पृश्य ठरत होता.

नोव्हेंबरचे निवेदन आणि डिसेंबरचे पत्र शेजारी ठेवून वाचले की बाबासाहेब काय सांगत होते ते कळते. पुढे १० ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनातही त्यांनी अनुसूचित जातींकडे सरकारचे दुर्लक्ष आणि पूर्व बंगालमधल्या आपल्या लोकांचे हाल हे दोन्ही मुद्दे मांडले. ते काँग्रेसच्या सोयीचे नव्हते आणि आज ज्यांना ते सोयीचे वाटतात त्यांच्याही सोयीचे नाहीत.

जमीनच नव्हती, तर गमावले काय?

फाळणीनंतरच्या पुनर्वसनाचे आपल्याकडे बरेच कौतुक होते, आणि काही अंशी ते योग्यही आहे. लाखो कुटुंबांना घर, दुकान, जमीन देणे सोपे काम नव्हते. पण नुकसानभरपाईचे तत्त्व नीट पाहा. जो जितके मागे सोडून आला त्याला त्या प्रमाणात मिळणार. पश्चिम पंजाबात शंभर एकर सोडून आलेल्याला पूर्व पंजाबात कपात करून का होईना, जमीन मिळाली. १९५४ च्या भरपाई कायद्याचा पायाही मालमत्तेचा दावा हाच होता.

आता पंजाबातल्या अस्पृश्याने काय दावा करायचा? १९०० सालच्या पंजाब भूमी हस्तांतरण कायद्याने ‘शेतकरी जमाती’ कोणत्या ते ठरवून दिले होते आणि त्या यादीबाहेरच्या जातींना शेतजमीन विकत घेणे जवळपास अशक्य करून ठेवले होते. अस्पृश्य जाती त्या यादीत नव्हत्या. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेला माणूस, ज्याला कायद्यानेच जमिनीचा मालक होऊ दिले नाही, तो निर्वासित होऊन आला तेव्हा सरकारने त्याला विचारले, तुझे काय गेले? कागदावर त्याचे काहीच गेले नव्हते. त्यामुळे त्याला मिळण्यासारखेही काही नव्हते. जो सीमेपलीकडे भूमिहीन होता तो अलीकडेही भूमिहीनच राहिला.

स्मृतीचेही असेच झाले. प्रदर्शनात हवेलीच्या किल्ल्या, दागिन्यांची पेटी, घराची कागदपत्रे, शाळेचे दाखले जपून ठेवलेले असतात. अमृतसरच्या टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणी संग्रहालय आहे, तिथेही अशा वस्तू पाहताना मन हेलावते. पण वस्तू जपून ठेवायला आधी वस्तू असावी लागते. आठवण लिहून ठेवायला अक्षर यावे लागते. झाडू आणि टोपली कोणी ट्रंकेत घालून आणली नाही.

खुलनाची गोष्ट

दुसऱ्यांनी कागद अर्धा दाखवला म्हणून बोलताना आपल्याकडे काय फिरते तेही पाहिले पाहिजे. दर ऑगस्टमध्ये आपल्या गटांवर एक पोस्ट येते. जेसोर-खुलनाच्या मतदारांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले, म्हणून त्यांना शिक्षा देण्यासाठी हिंदूबहुल असूनही तो भाग पाकिस्तानला देऊन टाकला, असा तिचा मथळा असतो. ऐकायला ती पटते, आणि म्हणूनच ती टिकून आहे.

वस्तुस्थिती अशी. संविधान सभेचे सदस्य थेट जनतेने निवडले नव्हते, प्रांतिक विधिमंडळांच्या सदस्यांनी निवडले होते. जुलै १९४६ मध्ये मुंबईतून मार्ग बंद झाल्यावर जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालमधील अनुसूचित जातींच्या आमदारांनी बाबासाहेबांना बंगालच्या विधानसभेतून निवडून आणले. हे त्यांचे ऋण फार मोठे आहे. पुढे बंगालच्या विभाजनाचा निर्णय झाला तेव्हा तिथल्या जागांची फेररचना झाली आणि बाबासाहेबांचे सदस्यत्व गेले. ३० जून १९४७ रोजी राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना पत्र लिहिले आणि जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर बाबासाहेब जुलैमध्ये पुन्हा निवडून आले. रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली त्याच्या कितीतरी आधी हे घडले होते. काठावरचे हिंदू बहुमत असलेला खुलना पाकिस्तानात गेला हे खरे, पण त्याच निवाड्यात मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारताला मिळाला, कारण हुगळीला पाणी देणारे मुख त्या भागात आहे. मंडलांचे आणि बंगाली अनुसूचित आमदारांचे मोठेपण सांगायला या पोस्टची गरज नाही. उलट तिच्यामुळे आपली बाकीची खरी माहितीही संशयास्पद ठरते.

जोगेंद्रनाथ मंडल

मंडल १९०४ साली बारिसाल जिल्ह्यात जन्मले. नमशूद्र समाजातले, वकील. १९४३ मध्ये त्यांनी बंगालमध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उभे केले. पूर्व बंगालमधला नमशूद्र शेतकरी आणि मुसलमान शेतकरी या दोघांचाही जमीनदार बहुधा सवर्ण हिंदू होता. त्यामुळे या दोघांचे हित एक आहे, असे त्यांचे राजकारण होते. ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक त्यांच्याच तात्पुरत्या अध्यक्षतेखाली भरली, आणि ते त्या देशाचे पहिले कायदामंत्री झाले. सीमेच्या दोन्ही बाजूंना पहिला कायदामंत्री अनुसूचित जातीतला होता, हा योगायोग आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही आणि त्यांच्याही नाही.

१९५० च्या सुरुवातीला पूर्व बंगालमध्ये भीषण दंगली झाल्या. नमशूद्र वस्त्यांवर हल्ले झाले, खेडीच्या खेडी उठली. ऑक्टोबर १९५० मध्ये मंडल कलकत्त्याला आले आणि तिथूनच त्यांनी लियाकत अलींना सविस्तर राजीनामापत्र पाठवले. आपली घोर फसवणूक झाल्याचा तो कबुलीजबाब आहे आणि अत्याचारांची यादीही आहे.

हे पत्र आज खूप वापरले जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये नागरिकत्व कायद्यावरील टीकेला उत्तर देताना पंतप्रधानांनी संसदेत मंडलांचे नाव घेतले. दलित-मुस्लिम एकजुटीचे असेच होते, हा धडा म्हणून त्यांची गोष्ट सांगितली जाते. ती १९५० ला थांबवली जाते. मंडल त्यानंतर अठरा वर्षे जगले. भारतात परतल्यावर त्यांचे कोणी स्वागत केले नाही. ‘जोगेन अली मोल्ला’ अशी टिंगल त्यांच्या नावाला चिकटलेलीच होती. त्यांनी निर्वासित नमशूद्रांच्या हक्कासाठी आंदोलने केली, त्यांना बंगालबाहेर हाकलण्याला विरोध केला, निवडणुका लढवल्या आणि हरले. १९६८ मध्ये बनगाव इथे ते वारले. पाकिस्तानात त्यांची फसवणूक झाली हे सांगायचे तर भारतात त्यांची उपेक्षा झाली हेही सांगावे लागते.

दंडकारण्य, गडचिरोली, मरीचझांपी

पंजाबची फाळणी काही महिन्यांत रक्ताने उरकली, बंगालची वर्षानुवर्षे चालत राहिली. पहिल्या लाटेत आलेले बहुतेक सवर्ण, शिकलेले, नातेवाईक आणि नोकऱ्या असलेले ‘भद्रलोक’ होते. त्यांनी कलकत्त्याच्या आसपास वसाहती उठवल्या. नमशूद्र शेतकरी जमिनीला धरून राहिला आणि दंगलींनी ढकलले तेव्हा आला, १९५० ला, मग १९६४ ला. तोवर बंगालमध्ये जागा उरली नाही असे सांगण्यात आले. १९५८ साली केंद्राने दंडकारण्य प्रकल्प सुरू केला आणि नद्या-खाड्यांत वाढलेल्या, भाताच्या खाचरात राबणाऱ्या माणसांना ओडिशातील कोरापुट-मलकानगिरी आणि बस्तरच्या कोरड्या, खडकाळ रानात नेऊन टाकले. ती जमीनही रिकामी नव्हती. आदिवासींची होती. एका गरिबाचे दुःख दुसऱ्या गरिबाच्या जमिनीवर उतरवले गेले.

याचा एक तुकडा महाराष्ट्रात आहे. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली निर्वासितांची गावे आहेत. महाराष्ट्रात फाळणी म्हटले की उल्हासनगर, पिंपरी, चेंबूरचा सिंधी कॅम्प आठवतो. मुलचेरा कोणाला आठवत नाही. या गावांतले बहुसंख्य लोक नमशूद्र. पश्चिम बंगालमध्ये नमशूद्र अनुसूचित जातीत येतात, महाराष्ट्राच्या यादीत ती जात नाही. त्यामुळे ज्या समाजाच्या आमदारांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले, त्यांच्या नातवंडांना बाबासाहेबांच्या राज्यात जातीचा दाखला मिळत नाही. ही मागणी ते अनेक वर्षे करत आहेत. आपल्या संघटनांच्या ठरावांत ती क्वचितच दिसते.

बंगालमध्ये डावे पक्ष विरोधात असताना निर्वासितांना बंगालमध्येच वसवा म्हणत होते. १९७७ मध्ये ते सत्तेत आले. त्या शब्दावर विसंबून १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून निघाली आणि सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर उतरली. त्यांनी स्वतःच्या हिमतीने झोपड्या, शाळा, दवाखाना, कूपनलिका उभ्या केल्या. सरकारने बेट राखीव जंगल असल्याचे सांगितले. जानेवारी १९७९ च्या अखेरीस बेटाची नाकेबंदी झाली, अन्न आणि पाणी तोडले गेले, ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात उरलेल्यांना उचलून बेट रिकामे करण्यात आले. सरकार मृतांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी सांगते, वाचलेले लोक शेकड्यांनी सांगतात. नीट चौकशी कधीच झाली नाही.

मरीचझांपीला मारणारे मुसलमान नव्हते आणि पाकिस्तानीही नव्हते. त्यामुळे ते १४ ऑगस्टच्या चौकटीत बसत नाही. मारणारे डावे होते, त्यामुळे पुरोगामी व्यासपीठांवरही त्याचा उच्चार जपून होतो. मेलेला माणूस अनुसूचित जातीचा असेल तर त्याच्या आठवणीला आधी एखादा पक्ष सापडावा लागतो.

रांगामाटीचा झेंडा

चितगाव डोंगराळ प्रदेश हा चकमा, मारमा आणि इतर आदिवासींचा मुलूख. १९४७ मध्ये तिथली सुमारे ९७ टक्के लोकसंख्या बिगरमुस्लिम होती, तीही मोठ्या प्रमाणात बौद्ध. फाळणीचे जे सूत्र सांगितले गेले त्याप्रमाणे हा भाग भारतात येणार, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. १५ ऑगस्टला स्नेहकुमार चकमा आणि सहकाऱ्यांनी रांगामाटीला तिरंगा फडकवला. बांदरबनला मारमांनी ब्रह्मदेशाचा झेंडा लावला. १७ ऑगस्टला निवाडा आला. चितगाव बंदराला त्याचा मागचा प्रदेश हवा, म्हणून हा मुलूख पाकिस्तानला देण्यात आला होता. आठवडाभरात पाकिस्तानी सैन्याने येऊन झेंडा उतरवला.

पुढे कर्णफुली नदीवर काप्ताई धरण बांधले गेले. १९६२ च्या सुमारास पाणी चढले आणि जवळपास एक लाख लोकांची घरे, त्या प्रदेशातली सुमारे ४० टक्के लागवडीची जमीन, चकमा राजाचा वाडा, विहार सगळे पाण्याखाली गेले. १९६४ पासून हजारो चकमा आणि हाजोंग भारतात आले. त्यांपैकी सुमारे १५ हजारांना केंद्र सरकारने तेव्हाच्या नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवले. आज त्यांची तिसरी-चौथी पिढी तिथे आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला त्यांच्या जीविताचे रक्षण करायला सांगितले. २०१५ मध्ये नागरिकत्वाची प्रक्रिया तीन महिन्यांत पूर्ण करा असा आदेश दिला. तो आदेश अजून पूर्णपणे अमलात आलेला नाही. स्थानिक आदिवासींची आपल्या जमिनीबद्दलची धास्तीही खोटी नाही, हे सांगितले नाही तर चित्र एकांगी होईल. मात्र त्यांना तिथे नेऊन वसवणारे सरकारच होते.

भारतातले चकमा गेली काही वर्षे १७ ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळतात. तीही एक फाळणीची आठवणच आहे, बौद्धांची. आपल्या विहारांत बामियानच्या मूर्तींबद्दल बोलले जाते, ते बोललेच पाहिजे. रांगामाटीबद्दल मात्र बहुतेक तरुणांनी ऐकलेलेही नसते.

कायद्यात नाव आहे, पण...

नागरिकत्व दुरुस्ती कायदा डिसेंबर २०१९ मध्ये झाला आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांना त्यात सवलत आहे. फाळणीची अपुरी राहिलेली जबाबदारी पूर्ण करण्यासाठी हा कायदा आहे, असे सांगितले जाते, आणि त्यात बौद्धांचे नाव आहे म्हणून आपल्याकडेही काही जण खूश आहेत.

बंगालमधल्या मतुआ नमशूद्रांची अडचण मुळात २००३ च्या नागरिकत्व दुरुस्तीने वाढवली. त्या दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरणाऱ्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांचेही नागरिकत्व धोक्यात आणले. ती वाजपेयी सरकारच्या काळात झाली आणि काँग्रेस व डाव्यांनी तिला अडवले नाही. त्या विरोधात मतुआंनी उपोषणे केली. तीच गाठ पुढे सोडवून देण्याचे आश्वासन देत मते मागितली गेली. २७ मार्च २०२१ रोजी पश्चिम बंगालमध्ये मतदानाचा पहिला टप्पा सुरू होता आणि त्याच दिवशी पंतप्रधान बांगलादेशातील ओराकांदीला, मतुआ धर्माचे संस्थापक हरिचांद ठाकूर यांच्या गावी, दर्शनाला गेले होते.

आणि अरुणाचलमधले बौद्ध चकमा? ज्या भागात जायला इनर लाइन परवाना लागतो, त्या भागाला हा कायदा लागू नाही, असे त्यातच लिहिले आहे. अरुणाचल प्रदेश त्या भागात येतो. फाळणीच्या भीषणतेचा स्मृतिदिन १४ ऑगस्ट २०२१ रोजी पहिल्यांदा जाहीर झाला. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑगस्टच्या भाषणात अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी चकमा आणि हाजोंगांना राज्याबाहेर हलवले जाईल, असे जाहीर केले.